ज्याचा त्याचा पेला

माझे यजमान शिबिराहून परतले की मला धडकी भरायची. नुसते परतले असते तर प्रश्न नव्हता. ते दरवेळी एक नवा विचार घेऊन परतत आणि त्या विचाराला घरात जागा मलाच करून द्यावी लागे. एकदा बागकामाचं शिबिर करून आले आणि अंगणभर खड्डे खणून ठेवले. त्यातल्या एकात शेजारच्यांची शेळी पडली. एकदा मौनाचं शिबिर झालं, तेव्हा आठवडाभर दूधवाल्यापासून पंचांपर्यंत सगळ्यांशी मीच बोलत होते. आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात ते नागपूरहून मानवी हक्कांचं शिबिर करून आले. त्या शिबिराने मला जो वैताग दिला त्याची सर आधीच्या कशालाच नव्हती.

आम्ही तेव्हा सानगडीकडच्या एका गावात होतो. यजमान तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आणि म्हणून मी पाळकीणबाई. मंडळी छोटीच होती. काही जुनी घराणी होती, मूळची विणकरांची. त्यांच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला, आता कुणी धानाची शेती करी, कुणी मास्तरकी. आणि तलावाच्या पलीकडे एक टोली, म्हणजे वेगळी वस्ती, होती. टोलीतली घरं अलीकडे ख्रिस्ती झालेली. त्यांचे आजे गावातली मेलेली ढोरं ओढत, ही माहिती मी गावात आले त्याच दिवशी मला तिघींनी वेगवेगळी येऊन दिली. तिघींनीही आवाज खाली घेतला होता. "तुमाले ठाव असावं म्हनून सांगतो बाई, नाहीतर आमच्यात काई तसं नाही."

तसं होतं की नाही ते पहिल्याच प्रभुभोजनाला कळलं. आमच्यात प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षाचा रस घ्यायचा असतो. भंडाऱ्याच्या बाजूला द्राक्षं कुणी पाहिली होती! साकोलीच्या किराणा दुकानातून काळ्या मनुका आणायच्या, भिजवायच्या, उकळायच्या, चिरगुटातून गाळायच्या. हे काम पाळकीणबाईचं. तो रस एका जुन्या, चांदीचा मुलामा उडालेल्या पेल्यात ओतला जाई, आणि पेला पहिल्या बाकापासून हातोहात फिरे. आपण एक घोट घ्यायचा, कड पुसायची आणि शेजारच्याच्या हातात द्यायचा. जुन्या घराण्यांचे बाक संपले की पेला पाळकांकडे परत येई. मग टोलीची माणसं एकेक करून पुढे येत, ओंजळ धरत, आणि पाळक त्या ओंजळीत वरून रस ओतत.

वरून. जसं एखाद्याला विहिरीवर पाणी वाढतात तसं. मी तिथेच बाकावर बसून होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

घरी आल्याआल्या मी विचारलं, "हे काय होतं?"

"आधीच्या पाळकांपासूनची पद्धत आहे," यजमान म्हणाले. "बदलेल. हळूहळू बदलेल."

हा 'हळूहळू' शब्द मला तेव्हापासून सहन होत नाही. भात शिजायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, पण त्यासाठी आधी चूल पेटवावी लागते.

टोलीत एक बाई होती. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बायांची टोळी घेऊन बांधाबांधाने फिरायची. आवाज असा की ती तलावाच्या पाळीवर बोलली तर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यावं. तिची मुलगी माझ्या रविवारच्या वर्गाला यायची. आमच्यात लहानपणी बाप्तिस्मा होतो, आणि समज आल्यावर मूल आपल्या तोंडाने विश्वास कबूल करतं, त्याला दृढीकरण म्हणतात. त्यानंतरच त्याला पहिल्यांदा प्रभुभोजन मिळतं. त्या वर्षी ईस्टरला एकट्या तिच्या मुलीचं दृढीकरण व्हायचं होतं. यजमान अजून शिबिरातच होते तेव्हा ही बाई माझ्या मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, मले एकच सांगाचं हाय. माह्या पोरीच्या ओंजळीत वरतून ओतू नका. तिच्या ओठाले पेला लागला पायजे."

"आणि तुमचं?"

"माहं सोडा. माह्या ओंजळीले सवय झाली. तिले लावू नका ती सवय."

मी तिला आत बोलावलं. ती उंबऱ्यावरच बसली, आत आली नाही. मग तिने सांगितलं की मुलीच्या शाळेत सवलतीसाठी विचारायला गेली होती. तिथे म्हणाले, तुम्ही ख्रिस्ती झालात, तुम्हाला आता जात नाही, सवलत कसली मागता? "म्हंजे पाहा बाई," ती म्हणाली, "सरकारच्या कागदावर माही जात मेली, अन् देवाच्या घरात जिती हाय. मी कोनाले खरं मानू?" आणि ती हसली. मला हसू आलं नाही. मी तिला वचन दिलं की पोरीच्या ओठाला पेला लागेल. कशाच्या बळावर दिलं, देव जाणे.

दोनच दिवसांत यजमान आले. खांद्याला नवी कापडी झोळी, डोळ्यांत चमक. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी अक्षरशः टाळी वाजवली. "अगं, हाच तर विषय होता! माणूस देवाच्या प्रतिमेत घडवला गेला, म्हणून माणसाला प्रतिष्ठा आहे. ती राजाने दिलेली नाही, सरकारने दिलेली नाही, म्हणून कुणी काढूनही घेऊ शकत नाही. हक्कांचं मूळ इथे आहे!"

"मूळ कळलं," मी म्हटलं. "पेल्याचं काय?"

"आधी लोकांना समजावू."

मग समजावणं सुरू झालं. कितीतरी रविवार त्यांनी देवाच्या प्रतिमेवर प्रवचनं दिली. खोटं कशाला बोलू, प्रवचनं छान होती. मंडळी माना डोलवायची. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांचे मुख्य एक निवृत्त मास्तर होते. ते दर रविवारी दारात यजमानांचा हात हातात घेऊन म्हणायचे, "आज अगदी मनाले भिडलं साहेब." आणि घरी जायचे. आमची मंडळी चांगल्या प्रवचनापुढे कधीच वाद घालत नाही. नुसतं त्याचं कौतुक करते आणि त्याला जिथल्या तिथे ठेवते. मला वाटायचं, त्यापेक्षा कुणी उठून भांडलं असतं तर बरं झालं असतं.

ईस्टर जवळ आला तशी मी धोशा लावला. शेवटी आमच्या ओसरीवर पंचांची बैठक बसली. मी चहा करत होते आणि मधल्या दाराआड उभी राहून सगळं ऐकत होते. मुद्दाम ऐकत होते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मास्तर म्हणाले, "आमचा कोनाले विरोध नाही. देवासमोर सगळे सारखे. पन साहेब, प्रश्न थुंकीचा हाय. आजकाल टीबी किती वाढला!"

दुसरे म्हणाले, "अन् आता मोहाचे दिवस. पहाटेपासून मोहफुलं वेचून येते ते लोक. कोनाच्या तोंडाले काय वास येते, आपन काय सांगाव?"

हे बोलणाऱ्या गृहस्थांच्या तोंडाला कशाचा वास येतो ते सगळ्या गावाला माहीत होतं, आणि तो फुलांचा नव्हता. आणि टीबी! मास्तर स्वतः सगळा हिवाळा खोकत होते, आणि त्यांच्यामागे दोन बाक बिनतक्रार त्याच पेल्यातून पीत आले होते. तीन पिढ्या एकमेकांची थुंकी गोड लागली, आणि आताच आरोग्यशास्त्र आठवलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते असं.

मी चहाचा ट्रे जरा जोरातच ठेवला. तेवढ्यात तिसरे एक पंच, जे सहसा बोलत नसत, ते बोलले. त्यांनी नागपूरच्या एका मोठ्या चर्चमध्ये पाहिलं होतं, तिथे आता बोटभर उंचीचे छोटे ग्लास आले आहेत. ट्रेमध्ये मांडतात, ज्याचा त्याने उचलायचा. कुणाचं उष्टं कुणाला नाही.

ओसरीवर एकदम प्रकाश पडल्यासारखं झालं. मास्तरांचा चेहरा उजळला. "मंग तर प्रश्नच मिटला! कोनाच्या ओंजळीतबी ओताचं काम नाही. सगळ्यायले ग्लास. सगळे सारखे!"

आणि माझ्या यजमानांचा चेहरासुद्धा उजळला. मला अजून तो चेहरा आठवतो, आणि अजून माझं डोकं फिरतं.

"अगं, बघ ना," बैठक उठल्यावर ते माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. "प्रत्येकाला स्वतंत्र पेला. प्रत्येक व्यक्ती पूर्ण, स्वायत्त. शिबिरात हेच सांगितलं."

"तिने ग्लास मागितला नव्हता."

"मग काय मागितलं होतं?"

"ज्या पेल्याने तुम्ही सगळे पिता, त्याच पेल्याने पोरीला प्यायचंय. ते टाळायला तुम्ही पेलाच मोडीत काढला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!"

ते शांतपणे खाली बसले. माझे यजमान मूर्ख नव्हते, त्यामुळेच तर त्यांचा जास्त राग यायचा. ते म्हणाले, "हे बघ, हक्क देता येतो. प्रेम देता येत नाही. मास्तरांनी त्या मुलीला आपलं मानावं असा ठराव मी करू शकतो का? पण तिचा अपमान होणार नाही असा ठराव करू शकतो. ओंजळ तर बंद झाली ना?"

ओंजळ बंद झाली, हे खरं होतं. मी कणीक मळत राहिले. मग म्हटलं, "देवाने माणूस घडवला तेव्हा एकटं राहणं बरं नव्हे असं त्यालाही वाटलं होतं. हे तुमच्या शिबिरात कुणी बोललं नाही का? आणि प्रभूला जर ज्याचा त्याचा ग्लास हवा असता, तर त्या शेवटच्या जेवणाच्या खोलीत काय ग्लास मिळाले नसते?"

"त्या काळी ग्लास..." त्यांनी सुरुवात केली आणि स्वतःच थांबले.

हे भांडण आम्ही पुढे लाखांदूरकडे बदली झाली तेव्हा सामानाबरोबर नेलं. ऐंशीनंतरची कितीतरी वर्षं ते आमच्या घरात मीठ-मिरचीसारखं होतं. ते म्हणत, हक्काशिवाय प्रेम म्हणजे मालकाने नोकरावर केलेली दया. मी म्हणे, आणि प्रेमाशिवाय हक्क म्हणजे कुंपण. दोघांचंही खरं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मी हे कबूल केलं असतं तर त्यांनी त्यावर प्रवचन दिलं असतं.

ग्लास आले. नागपूरच्या त्या चर्चने जुने, वापरातून काढलेले पाठवून दिले. गावच्या सुताराने भोकं पाडून लाकडी ट्रे करून दिले. धुणार कोण? अर्थात मी. ओसरीवर गोधडी पसरून मी ते पालथे वाळत घातले होते तेव्हा शेजारची पाटलीणबाई, जिची शेळी आमच्या खड्ड्यात पडली होती ती, कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"काहून वं बाई, इतके ग्लास? कोनाचं लगन हाय का?"

मी सांगितलं, देवळात लागतात. प्रत्येकाला एक.

तिने विचार केला. "तुमचा देव एकच हाय ना?"

"एकच."

"मंग ग्लास कायले इतके?"

आता या बाईच्या घरी त्याच टोलीतली माणसं धान कापायला येत तेव्हा त्यांच्यासाठी नारळाच्या करवंट्या गोठ्यात वेगळ्या ठेवलेल्या असत. ते मी स्वतः पाहिलं होतं. तिला उलटून बोलायला माझ्याकडे भरपूर होतं. पण प्रश्न तिचा बरोबर होता. मी म्हटलं, "आमच्या साहेबांना विचारा." ती म्हणाली, "तुमच्यातबी असते म्हना की." आणि समाधानाने निघून गेली.

पुढचा प्रकार त्याहून वरचढ. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मास्तरांच्या पत्नी मदत करायला म्हणून आल्या. मला खरोखर बरं वाटलं. त्या गेल्यावर मी ग्लास टोपलीत भरायला घेतले, तर काहींच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका! मी धावत त्यांना गाठलं. त्या जराही गडबडल्या नाहीत. "धुवाले सोपं पडते ना. ठिपक्याचे त्यायचे, बिनठिपक्याचे आपले. दिसाले तर सगळे सारखेच हायेत."

मी हात टेकले. घरी आले, रॉकेलची चिंधी घेतली आणि एकेक ठिपका खरवडून काढला. पुन्हा पुन्हा धुतले तरी ग्लासांचा वास गेला नाही. त्या ईस्टरला आमच्या जवळजवळ सगळ्या मंडळीने, लहानथोर, जुनी घराणी आणि टोली, थोडं थोडं रॉकेल घेतलं. समानता म्हणायची तर तेवढीच झाली.

मुलीच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितलं की ओंजळ बंद झाली, ग्लास मिळणार. तिने ऐकून घेतलं. "सगळ्यायले?" तिने विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांना. ती म्हणाली, "मंग त्या पेल्याचं काय कराल?" मी सांगितलं की साहेब तो टेबलावर ठेवणार आहेत, विधीची वाक्यं म्हणताना उचलायला लागतो. त्यात थोडा रस घाल, रिकामा दिसला तर बरं दिसत नाही, असंही त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. मुलगी आईच्या मागे उभी राहून सुपात तांदूळ निवडत होती.

ईस्टरची सकाळ. चर्चची कौलं आठ वाजताच तापलेली. दृढीकरण झालेली म्हणून मुलगी पांढऱ्या साडीत पहिल्या बाकाच्या टोकाला, तिच्या शेजारी मंडळीचे मुख्य म्हणून मास्तर, मग त्यांच्या पत्नी. मी पलीकडच्या बाकावर. आई मागे, टोलीच्या माणसांत. आधी ट्रे सगळ्यांमध्ये फिरवले, ज्याने त्याने आपापला ग्लास उचलून हातात धरला. मुलीने उचलला नाही. ट्रे नेणाऱ्याला वाटलं, पोरगी बावरली असेल, तो पुढे गेला. मग यजमानांनी तो जुना पेला दोन्ही हातांनी वर धरला आणि नेहमीची वाक्यं म्हटली, की प्रभूने पेला घेतला, आभार मानले, आणि तुम्ही सगळ्यांनी यातून प्यावं असं सांगितलं. म्हणून झाल्यावर पेला खाली ठेवला.

मुलगी उभी राहिली. "साहेब, मले त्याच्यातलं द्या."

यजमान गोंधळले. "बाळ, तुझा ग्लास..."

"तुमीच म्हनलं ना आता, यातून सगळ्यायनं प्यावं म्हनून."

तिचा आवाज आईसारखा नव्हता, बारीक होता, तरी कुणाला ऐकू आला नाही असं झालं नाही. यजमानांचे कान लाल झाले. मी त्यांना ओळखून होते, आता एखादं लांबलचक स्पष्टीकरण येणार म्हणून मी दात आवळले. पण त्यांनी स्पष्टीकरण दिलं नाही. पेला उचलला, तिच्यासमोर आले आणि तिच्या हातात दिला. तिने तो ओठाला लावला. मला रडू आलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला.

इथेच संपतं तर किती बरं झालं असतं. पण मुलीने इतकी वर्षं मागच्या बाकावरून पेला कसा फिरतो ते पाहिलं होतं. तिने पदराने कड पुसली आणि रीतीप्रमाणे पेला शेजारी मास्तरांपुढे धरला.

मास्तरांनी आपला छोटा ग्लास जरा उंच करून दाखवला. "माहा हाय माह्यापाशी, बेटा." अगदी प्रेमाने म्हणाले. त्यांच्या पत्नीनेही आपला ग्लास दाखवला. त्यांच्या पलीकडचे गृहस्थ हातातल्या ग्लासाकडे बघत बसले. कुणी रागावलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. बोलायची गरजच उरली नव्हती, आम्ही ती सोय करून ठेवली होती.

"दे इकडे, पोरी," यजमान हळूच म्हणाले.

"याच्यात अजून हाय ना साहेब," ती म्हणाली. पेला तिने तसाच पुढे धरलेला. "कोनाले देऊ?"

मी उठले. माझा ग्लास बाकावर ठेवला, तो कलंडला तरी पाहिलं नाही. तिच्या हातून पेला घेतला, प्यायले, कड पुसली आणि पुढच्याला द्यायला मागे वळले. बाकामागून बाक, सगळ्यांचे हात ग्लासांत गुंतलेले होते. एकटी तिची आई आपला ग्लास खिडकीत ठेवून पुढे येत होती, आणि ती जवळ आली की मधल्या वाटेच्या कडेला बसलेली माणसं पाय आखडून घेत होती.